सक्ती नको म्हणणाऱ्यांची गच्ची

नव्या इमारतीच्या गच्चीवर सौर पॅनेल असलीच पाहिजेत, भिंती आणि काचा ठरावीक मर्यादेपलीकडे ऊन आत सोडणाऱ्या नकोत, असा काही नियम येणार म्हटले की आपल्या शहरांत गळे काढायला सुरुवात होते. बांधकाम व्यावसायिकांच्या परिषदेत, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत आणि वर्तमानपत्रांच्या वाचकपत्रांत एकच वाक्य ऐकू येते: आमचा पर्यावरणाला विरोध नाही, सक्तीला आहे.

पुढची कारणेही आता पाठ झाली आहेत. घरे आधीच महाग, त्यात हा नवा बोजा. फायद्याचे असेल तर लोक आपणहून लावतील, सरकारने मध्ये पडायचे कारण काय? चाळीस मजली टॉवरच्या गच्चीवर पॅनेल मावणार किती आणि वीज मिळणार किती? बिल्डर ओसीपुरते, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्रापुरते, सौर हीटरसारखे काहीतरी लावतो आणि दोन पावसाळ्यांत ते गंजते, हे आम्ही पाहिले आहे. आधी कोळशाचे कारखाने आणि सरकारी कचेऱ्या सुधारा, मग आमच्या गच्चीवर या. हे सगळे म्हणून झाल्यावर, ज्यांच्या बैठकीत गरीब माणूस फक्त चहा आणून देताना दिसतो ते गंभीर चेहऱ्याने विचारतात, गरिबांच्या घरांचे काय?

ऐकायला सगळे समंजस वाटते. म्हणूनच जास्त चीड येते.

बोजापासून सुरुवात करू. समजा, ८० फ्लॅटची इमारत आहे. तिच्या गच्चीवर ३० किलोवॅटची यंत्रणा बसवायची तर साधारण ३,००० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते. किलोवॅटला ५० ते ६० हजार रुपये धरले तर खर्च १५ ते १८ लाख, म्हणजे फ्लॅटमागे फार तर २२-२३ हजार. फ्लॅट ८० लाखांचा असेल तर ही रक्कम किमतीच्या पाव टक्क्याच्या आसपास जाते. आपल्याकडे एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, तेव्हा महिन्याला ३,६०० युनिट. सोसायटीच्या कॉमन मीटरवर युनिटमागे दहा रुपयेच धरले तरी वर्षाला सव्वाचार लाखांहून अधिक वाचतात. चार वर्षांत पैसे वसूल होतात आणि पॅनेल पंचवीस वर्षे चालतात. हा बोजा असेल तर गुंतवणूक कशाला म्हणायचे?

शिवाय घराचा भाव बांधकामाच्या खर्चावर ठरतो, हे कोणी सांगितले? तेच सिमेंट, तेच स्टील, तोच ठेकेदार असला तरी वाकडमधल्या चौरस फुटाचा दर आणि दादरमधल्या चौरस फुटाचा दर यांत किती अंतर असते ते रस्त्यावरचा एजंटही सांगेल. भाव जमिनीचा असतो, आणि गिऱ्हाइकाच्या खिशातून किती काढता येईल याचा असतो. स्टील स्वस्त झाले म्हणून कोणत्या बिल्डरने बुकिंगची रक्कम परत केली? क्लब हाऊस, गच्चीवरचा पोहण्याचा तलाव, लॉबीतला इटालियन मार्बल, तीन मजल्यांचे पोडियम पार्किंग या कशानेच ग्राहक वाकत नाही. पाव टक्क्याच्या पॅनेलखाली मात्र त्याचा कणा मोडतो.

कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये नव्या घरांवर सौर यंत्रणा बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला आणि १ जानेवारी २०२० पासून तो लागू केला, तेव्हा तिथेही हीच हाकाटी झाली होती. तिथल्या ऊर्जा आयोगाने हिशेब मांडला. नव्या नियमांमुळे घराचा खर्च सुमारे ९,५०० डॉलरने वाढेल आणि तीस वर्षांत १९,००० डॉलर वाचतील. हप्त्यात महिन्याला ४० डॉलर वाढतील, बिलात ८० डॉलर कमी होतील. टोकियोने आणखी पुढची गोष्ट केली. एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नियमात जबाबदारी ग्राहकावर न टाकता सुमारे ५० मोठ्या बांधकाम कंपन्यांवर टाकली. आपल्याकडे नक्कल करायला काचेचे टॉवर सापडतात, ही कलमे सापडत नाहीत.

आता ‘फायदा असेल तर लोक आपणहून करतील’ या युक्तिवादाकडे वळू, कारण सगळ्या विरोधाचा कणा तोच आहे. लोक म्हणजे नक्की कोण? भिंत कशाची असावी, खिडकीवर छज्जा किती बाहेर काढावा, गच्चीतून मीटरच्या खोलीपर्यंत केबलला वाट ठेवावी की नाही, हे बिल्डर ठरवतो. तो तीन-चार वर्षांत इमारत विकून मोकळा होतो. बिल मात्र पुढची पन्नास-साठ वर्षे दुसराच माणूस भरतो, त्याच्यानंतर त्याचा भाडेकरू, आणि त्याच्याही नंतर ज्याचा आज जन्मही झालेला नाही असा कोणीतरी. जो ठरवतो तो भरत नाही आणि जो भरतो तो ठरवताना हजर नसतो. अशा व्यवहारात बाजार आपोआप शहाणपणा करील असे मानणे ही श्रद्धा झाली, अर्थशास्त्र नव्हे. त्या गैरहजर माणसाच्या बाजूने नकाशावर बोलणारे एकच कोणीतरी असते, ते म्हणजे विकास नियंत्रण नियमावली. तीही गप्प बसावी, अशी मागणी आहे.

ग्राहक जागरूक असेल तर विचारेल ना, असे म्हणतात. काय विचारेल? तो घर घेतो तेव्हा ती भिंत उभीही नसते. त्याला सॅम्पल फ्लॅट दाखवतात, आणि त्या सॅम्पल फ्लॅटमध्ये एसी १८ वर असतो. तीस हजारांचा फ्रिज घेताना किती तारे आहेत ते वाकून पाहणारा आपला मध्यमवर्गीय ८० लाखांच्या घराची पश्चिमेची भिंत एप्रिलमध्ये किती तापते हे विचारत नाही, कारण ते सांगणारी चिठ्ठी त्या भिंतीवर चिकटवायला कोणी लावलेलेच नाही. फ्रिजवरचे तारे सगळ्या कंपन्यांनी आपणहून लावले नाहीत. सरकारने ते सक्तीचे केले, आणि त्याने कोणाचे स्वातंत्र्य हरपल्याचे ऐकिवात नाही.

बरे, नंतर सोसायटीने लावावे म्हटले तर? एकदा सर्वसाधारण सभेला बसून पाहा. वरच्या मजल्यावरचे म्हणतात, गच्चीला भोके पाडली की वॉटरप्रूफिंग गेले. खालच्या मजल्यावरचे म्हणतात, आम्हाला त्याचा काय उपयोग. ज्यांचा फ्लॅट भाड्याने दिलेला आहे ते येतच नाहीत. डक्टमध्ये केबल घालायला जागा नसते, म्हणून ती इमारतीच्या बाहेरून लोंबकळत आणावी लागते. मधल्या काळात त्याच गच्चीवर मोबाइल कंपनीचा टॉवर आणि गळतीसाठी पत्र्याची शेड आलेली असते. नकाशावर एक रेघ मारून जे काम झाले असते, त्याला तीन कमिट्या बदलल्या तरी मुहूर्त मिळत नाही. त्यात केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आणली. एका घराला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान, सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,०००. म्हणजे जुन्या इमारतींवर पॅनेल बसवायला करदात्याने पैसे द्यायचे आणि त्याच वेळी शेजारी नवी इमारत तशीच बोडकी उभी राहू द्यायची, तिच्यासाठी पुढे पुन्हा अनुदान काढायचे. या कारभाराला काय म्हणावे?

तरीही ‘सक्ती’ या शब्दाची शिसारी काही जात नाही. अहो, इमारत म्हणजेच सक्ती आहे. जिन्याची रुंदी, बाजूची मोकळी जागा, चटई क्षेत्र, आग विझवण्याची टाकी, गाड्यांसाठी जागा, भूकंपाला टिकणारे लोखंड, यांतले काय ऐच्छिक आहे? ‘लोकांना वाटले तर ते आगीचा जिना ठेवतील’ असे कोणी म्हणाले तर त्याला सभेतून हाकलाल. सक्तीशी यांचे कधीच भांडण नव्हते. ज्या सक्तीतून विकण्याजोगा चौरस फूट निघत नाही, तेवढीच यांना खुपते.

याचा पुरावा हवा असेल तर महाराष्ट्राची डिसेंबर २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली पाहावी. हरित इमारतीचे मानांकन मिळवले की तीन ते सात टक्के वाढीव चटई क्षेत्र मिळते. ते घेताना हरित बांधकाम महाग पडते अशी तक्रार कोणी करत नाही. उलट माहितीपत्रकावर हिरवी पाने छापली जातात.

आता मुद्दा गंजलेल्या हीटरचा. विरोधकांच्या भात्यात खरा बाण असेल तर हाच. पुण्यात, ठाण्यात, नवी मुंबईत गच्च्यांवर सौर हीटरचे सांगाडे दिसतात, हे कोण नाकारेल? पाइप वरच्या दोन-तीन मजल्यांपुरताच नेलेला, टँकरच्या आणि बोअरच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार साचलेले, तपासणी ओसीच्या दिवशी झाली असेल तर झाली. पण या दृश्यावरून काढलेला निष्कर्ष पाहा. तो काढणाऱ्यांत बांधकाम व्यावसायिक सर्वांत पुढे असतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: आम्ही हे काम नीट करत नाही, म्हणून आम्हाला हे काम सांगू नका. हाच न्याय लिफ्टला लावायचा का? लिफ्टही बंद पडतात. त्यासाठी आपण लिफ्टचा कायदा रद्द केला नाही, निरीक्षक नेमले. अग्निशमनाचे तर आणखी स्पष्ट उदाहरण आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्याने इमारतीतली यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. ते कितपत पाळले जाते हा वेगळा वाद, पण चौकट तयार आहे. त्याच प्रमाणपत्रावर सौर यंत्रणेची एक ओळ वाढवायला कोणती क्रांती लागते? रेरा कायद्यात बांधकामाच्या आणि सुविधांच्या दोषांसाठी पाच वर्षांची जबाबदारी बिल्डरवर आहेच. बंद पडलेली सौर यंत्रणा हा त्यातलाच दोष आहे, असे ठणकावून सांगायला महापालिकेला काय अडचण आहे?

शिवाय हीटर मेला तर तो कोणाला कळत नाही, लोक निमूट गिझर लावतात. सौर विजेचे तसे नाही. नेट मीटर दर महिन्याला आकडा सांगतो आणि तो आकडा वीज कंपनीकडे नोंदला जातो. एवढी आपणहून चुगली करणारी दुसरी कोणती यंत्रणा इमारतीत आहे? बेंगळुरूने हीटरच्या बाबतीतही उपाय शोधला. ठरावीक आकाराच्या नव्या घरांना सौर हीटरशिवाय वीजजोडणीच द्यायची नाही, आणि लावला तर बिलात युनिटमागे ५० पैशांची सूट. इस्रायलने १९८० मध्ये आणि बार्सिलोनाने २००० मध्ये सौर हीटर बंधनकारक केले. म्हणजे ही कल्पना जुनी आहे, तपासलेली आहे आणि आपल्या शेजारच्या राज्यातही चालते. चालत नाही ती आपली तपासणी.

उंच टॉवरच्या गच्चीवर सगळ्या घरांचे एसी चालतील एवढी वीज होणार नाही, हे खरे. पण तसा दावा कोणी केला होता? लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे यांच्या बिलाचा मोठा हिस्सा निघाला तरी मेंटेनन्स उतरतो. आणि गच्ची अपुरी पडते म्हणून तर नियमाचा दुसरा, अधिक महत्त्वाचा भाग आहे: मुळात वीज कमी लागावी अशी इमारत बांधणे. याच्यावर चर्चा होऊ लागली की मात्र पॅनेलवर तावातावाने बोलणारे गप्प होतात, कारण इथे त्यांचे रोजचे व्यवहार उघडे पडतात.

उदाहरणार्थ मायवन शटरिंग. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदम ओतायचे, आठवड्या-दहा दिवसांत मजला वर. वेळ वाचतो, व्याज वाचते. पण बाहेरची भिंतही सगळी काँक्रीटची होते, आणि काँक्रीट हलक्या एएसी ब्लॉकच्या कितीतरी पट उष्णता आत आणते. ग्राहकाला सांगतात, भिंत मजबूत आहे, खिळा ठोकता येणार नाही. संध्याकाळी सातला ती भिंत तव्यासारखी का असते, हे कोणी सांगत नाही. बिल्डरचे वाचलेले व्याज ग्राहक पुढची कित्येक वर्षे एसीच्या बिलातून फेडतो.

केंद्राने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. तिची मुख्य अट सोपी आहे: आपल्या उष्ण हवामानाच्या प्रदेशांत छप्पर सोडून बाकी बाह्य कवचातून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॉटच्या वर जाऊ नये. ती कशी साधायची ते वास्तुविशारदाने ठरवावे. ब्लॉक वापरा, छज्जा काढा, काच कमी करा, दिशा बदला. छपरासाठी वेगळी मर्यादा आहे, उघडता येणाऱ्या खिडक्यांचे किमान प्रमाण ठरवलेले आहे. यात हुकूमशाही कुठे आहे? व्यापारी इमारतींची संहिता तर २००७ पासून आहे, पण राज्यांनी अधिसूचना काढल्याशिवाय ती दात नसलेलीच. ऊर्जा संवर्धन कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने निवासी इमारतीही कक्षेत आणल्या. दरम्यान केंद्राच्याच २०१९ च्या शीतकरण आराखड्याने सांगून ठेवले आहे की २०३७-३८ पर्यंत देशाची थंडाव्याची मागणी २०१७-१८ च्या आठपट होईल. आणि आपण अजून काचेच्या पेट्या बांधतो आहोत.

त्यातही गंमत अशी की ही ‘परदेशी फॅडे’ असल्याचे सांगणारे मुंबईतच राहतात. दादर-माटुंग्याच्या १९३०-४० च्या दशकांतल्या इमारतींकडे मान वर करून पाहा. खिडक्यांवरून सलग फिरणारे छज्जे, समोरासमोर वारा खेळेल अशा खोल्या, गच्चीवर ब्रिकबॅट कोबा आणि त्यावर पांढऱ्या चायना चिप्स. मरीन ड्राइव्हच्या अशाच इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेव्हा आपण पेढे वाटले, आणि त्यांच्यात जे शहाणपण होते ते पाडकामाच्या राबिटबरोबर डंपरमध्ये भरले.

मध्येच एक किरकोळ टोमणा असतो: लाइट गेली की सोलरही बंद, मग उपयोग काय? ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर पुरवठा गेल्यावर बंद होतो, कारण तसे नाही केले तर खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या गच्चीवरून करंट बसेल. ज्याला अंधारातही वीज हवी त्याने बॅटरी लावावी.

‘आधी कोळशाचे बघा’ म्हणणाऱ्यांना मात्र जरा सावकाश उत्तर द्यायला हवे. १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. चिकूच्या वाड्या, खाडी, आदिवासी पाडे. तिथेच मुंबईच्या उपनगरांना वीज मिळावी म्हणून ५०० मेगावॉटचा कोळशाचा प्रकल्प उभा राहिला. बागायतदार आणि कार्यकर्ते कोर्टकचेऱ्या करत राहिले. तिकडे चंद्रपूरला २,९२० मेगावॉटचे केंद्र आहे. राज्यातल्या सर्वाधिक तापणाऱ्या शहरांपैकी ते एक, आणि वर राखेचे धनी. मुंबईच्या हवामान कृती आराखड्याप्रमाणे शहराच्या उत्सर्जनात सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा इमारतींत आणि इतरत्र जळणाऱ्या ऊर्जेचा आहे. म्हणजे कोळसा जळतो तो कुठल्या तरी तिऱ्हाईत दुष्टासाठी नव्हे. बोरिवलीच्या एसीसाठी, लॉबीतल्या झुंबरासाठी जळतो. आपली गच्ची रिकामी ठेवून दुसऱ्याच्या दारात राख टाकायची आणि वर ‘आधी त्यांना सुधारा’ म्हणायचे, याला कोणत्या तोंडाने समंजसपणा म्हणायचे?

आणि शेवटी गरीब. सक्तीविरोधकांची ही सर्वांत लाडकी ढाल, म्हणून तिच्याबद्दल स्पष्टच बोलू. गरिबांच्या घरांना नियमांतून सूट दिली की काय होते, याचा प्रयोग मुंबईत झालेला आहे. घरे स्वस्तात आणि भराभर बांधता यावीत म्हणून पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या अटी शिथिल केल्या. गोवंडीची नटवर पारेख वसाहत आणि मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड ही त्याची फळे. २०१८ मध्ये डॉक्टरांची एक संस्था आणि आयआयटी मुंबईचे तज्ज्ञ यांनी अशा वसाहतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. दाटीवाटीच्या इमारतींत खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचत नाही, आणि तिथेच क्षयाचे रुग्ण अधिक सापडले. जिथे मांडणी बरी होती तिथे प्रमाण कितीतरी कमी. ही त्या कनवाळू सुटीची पावती. पुनर्वसनाच्या कित्येक इमारतींत सामाईक बिल भरता येत नाही म्हणून लिफ्ट बंद असते, आणि म्हाताऱ्या बायका पाण्याची भांडी घेऊन जिने चढतात. कॉमन मीटरवरचा भार गच्चीने उचलावा, ही गरज सर्वांत आधी कोणाची आहे? वारा, उजेड आणि कमी बिल या श्रीमंतांच्या हौशी आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी एक मे महिना तिथल्या वरच्या मजल्यावर काढावा. पंखा लावायला हरकत नाही.

तेव्हा नियमावलीचा पुढचा मसुदा हरकती-सूचनांसाठी येईल तेव्हा सूचना करणाऱ्यांनी ‘प्रोत्साहन’, ‘टप्प्याटप्प्याने’, ‘शक्यतो’ हे शब्द सगळ्यात आधी खोडावेत. नकाशा मंजूर करतानाच गच्चीवरची सावली आणि पॅनेलची क्षमता त्यावर दाखवलेली असावी. नेट मीटर बसून त्यावर पहिला आकडा उमटल्याशिवाय ओसी मिळू नये. बाह्य कवचातून किती वॉट उष्णता आत येते तो आकडा विक्रीकरारात चटई क्षेत्राच्या शेजारी छापावा. पुनर्वसनाच्या इमारतीला यातून सूट नको, हवे तर तिचा खर्च विक्रीच्या टॉवरवर टाकावा. जानेवारी आणि जुलैच्या प्रमाणपत्रात सौर यंत्रणेची नोंद असावी आणि पहिली पाच वर्षे ते बिल्डरने स्वतःच्या खर्चाने द्यावे. आणि ज्याला हे परवडत नाही असे वाटते, त्याने आधी ते तीन ते सात टक्के वाढीव चटई क्षेत्र परत करावे, मग बोलायला उभे राहावे.